पाठकोरा

मी एक कागद फाडू दिला नाय. ती चूक माझी मला माफ झाली. तिच्या पाठोपाठ दुसरी केली, ती कुणाला ठाऊक नाय. ठाऊक होतं त्या म्हातारीला, आन् ती आता नाय.

माझं नाव मल्हारी. गाव लासूर स्टेशनजवळ, बाप मेंढ्या राखायचा. मी मॅट्रिक झालो आन् वाळूजला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये लागलो. स्कूटरचे सुटे भाग करायची कंपनी. वाळूज तवा नुसतं फुगत होतं. ह्या दिवाळीला जिथं बाजरी, तिथं पुढच्या दिवाळीला पत्र्याचं शेड. हापिसात कॉम्प्युटर आला, त्याच्यामागं प्रिंटर आला आन् साहेब म्हणाले, "मल्हारी, ह्याचा कागद तू बघ."

कागद बघायचा म्हणजे काय करायचं, हे साहेबालाबी ठाऊक नव्हतं. मी शिकलो. कागदाचं वजन ग्रॅमात सांगतात. साठाचा पातळ, ऐंशीचा जाड. साठाच्या कागदावर त्या प्रिंटरच्या सुया टकटक बसल्या की मागचं पुढं उमटतं आन् दोन्ही बाजू वाया जातात. ऐंशीच्या कागदावर ठोके बसतात, मागनं बोट फिरवलं तर हाताला बारीक लागतात, पण डोळ्याला काय दिसत नाय. खोकं जमिनीवर ठेवायचं नाय, फळीवर ठेवायचं. गोडाऊनमधनं आलेलं खोकं लगेच फोडायचं नाय, एक दिवस खोलीत मुरू द्यायचं, नायतर कागदाला बाक येतो आन् मशीन तो गिळतं. लावायच्या आधी गठ्ठा हातात फुलवायचा, म्हणजे कागद एकमेकाला धरत नाय. मी गुलमंडीत कागद घ्यायला गेलो की एक ताव उन्हाकडं धरायचो, एक कोपरा फाडून बघायचो, एक जिभेला लावायचो. दुकानदार वैतागायचा. "कागज है मियाँ, दुल्हन नईं. कित्ता देखते?"

हसा. ज्यांच्या प्रिंटरात दिवसातून चारदा कागद अडकतो, त्यांनी माझ्यावर हसू नये.

आन् माझा एक कायदा होता. एका बाजूनं छापलेला, बिघडलेला कागद कुणी फेकायचा नाय, चुरगाळायचा नाय, फाडायचा तर नायच नाय. पाठकोरा म्हणून माझ्याकडं द्यायचा. पाठकोऱ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर, कोरी बाजू वर करून, त्यावर लोखंडाचा तुकडा. आतली कच्ची कामं सगळी त्याच्यावर. माझ्या बापानं लोकरीचा एक पुंजका कधी वाया घालवला नाय, मी कागद कसा घालवीन? पण एक खोड मला होती, ती सांगतो. मी कागद बघायचो, त्याच्यावरचा मजकूर कधी बघायचो नाय.

प्रिंटरवर पोरगा होता सांडू. पिशोरच्या पुढचा. गावाचं नाव घेत नाय मी, जीभ वळत नाय. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, बौद्ध, लई हुशार. मराठी अक्षरं उमटवणारं कार्ड आमच्या एकाच कॉम्प्युटरला बसवलं होतं आन् ते चालवायला तो एकटाच. मला मामा म्हणायचा. मी त्याला ओरडायचो, तो हसायचा, असं आमचं चालायचं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. विद्यापीठाच्या नामांतराचं आता होणार, मग होणार असं चाललं होतं. सोळा वर्षं चाललं होतं. हापिसात दोन तोंडं दोन दिशेला, चहाबी वेगवेगळा. सोमवारी पाळी सुटल्यावर मी किल्ली घेऊन प्रिंटरच्या खोलीत गेलो तर सांडू उभा. एक चांगला छापलेला कागद त्यानं शर्टाच्या आत घातला होता आन् दुसरा, रिबन फिकी पडल्यानं मधेच पुसट झालेला, हातात धरून फाडायच्या बेतात होता.

"आरं आरं आरं! हात मोडले का तुझे?" मी झडपच घातली. "पाठ कोरी हाय त्याची!"

"मामा, हा राहू द्या. माझा खाजगी हाय."

"खाजगी? कंपनीच्या कागदावर? मग तर आण इकडं."

"एवढा एक फाडू द्या, मामा." एकदम हळू बोलला. माझ्या डोळ्यात बघून बोलला.

मी हिसकावला. ऐंशीचा ताव, कुठं घडी नाय, सुरकुती नाय. पालथा केला, गठ्ठ्यावर ठेवला, लोखंड ठेवलं. तेवढ्यात साहेब दारात आले. सांडू गप झाला आन् निघून गेला. मला वाटलं, पोरगा वरमला. साहेबापुढं त्याला बोलता येत नव्हतं, हे माझ्या टकुऱ्यात शिरलं नाय.

मंगळवार, बुधवार सांडू रजेवर होता. बुधवारी साहेबाकडं सर्जेराव आला. सर्जेराव म्हणजे कामगार पुरवणारा ठेकेदार, सांडूच्याच गावचा. त्याचं घर वेशीच्या आत, सांडूचं वेशीच्या बाहेर, एवढाच फरक, आन् तो फरक केवढा ते त्या गावात गेल्यावर कळतं. त्याच्या गावातली बारा पोरं कंपनीनं हंगामी म्हणून घेतली होती. त्यांची यादी पंचायतीच्या भिंतीवर लावायची होती, म्हणजे सर्जेरावानं कुणाचं नाव खाल्लं असं व्हायला नको.

"एक कागद दे रे मल्हारी," साहेब म्हणाले.

नवं खोकं त्याच दिवशी सकाळी आलेलं. थंडगार. "ते उद्याशिवाय फोडणार नाय, साहेब."

"एका कागदासाठी?"

"खोकं फोडलं की सगळ्यालाच हवा लागते." आन् मी गठ्ठ्यावरचा वरचा पाठकोरा उचलला. सरळ होता, जाड होता.

"मागं काय छापलंय?"

"काय का असंना. भिंतीलाच चिकटायचाय."

सांडू नव्हता, म्हणून दुसऱ्या ऑपरेटरनं यादी इंग्रजी अक्षरातच छापली. कागद मी लावला. झकास उमटली. सर्जेराव ती गुंडाळी करून घेऊन गेला.

शुक्रवारी संक्रांतीच्या दिवशी नामांतर जाहीर झालं. शहरात भीमनगरकडं निळा गुलाल, ढोल. बाया रस्त्यावर बसून रडत होत्या. शनिवारी सकाळी सांडू जिलबीचा पुडा घेऊन हापिसात आला. काहींनी खाल्ली, काहीजण जागेवरनं उठून गेले. माझ्या टेबलाशी आला, चेहऱ्यावर नुसता उजेड. एक जिलबी माझ्या हातावर ठेवली आन् वाकून म्हणाला, "मामा, तो सोमवारचा कागद द्या. आता तरी फाडतो."

"कामून? काय होतं त्याच्यात एवढं?"

त्यानं सांगितलं. नामांतर झालंच पाहिजे, असा अर्ज होता. खाली त्याच्या गावच्या सात घरांची नावं, पहिलं नाव त्याच्या आईचं, सत्यभामा. अठ्ठ्याहत्तर साली ती सातबी घरं एकदा पेटलेली. सांडू तवा दहा वर्षांचा. त्यानंतर गावानं बजावलेलं, की पुन्हा ह्या भानगडीत जो नाव घालील त्याचं पाणी बंद, मजुरी बंद, आन् पुढचं सांगायला नको. सोळा वर्षं ती सात घरं तोंडाला कुलूप घालून राहिली. आता म्हाताऱ्या सत्यभामाबाईनं घरोघर जाऊन गपचूप अंगठे घेतले, म्हणाली, आपलं नाव त्याच्यात असू दे, मग मेलो तरी चालंल. चांगला कागद सांडूनं शहरात नेऊन दिला. तो सुखरूप होता. बिघडलेला माझ्याकडं होता.

जिलबी माझ्या हातातच राहिली. मी गठ्ठा उचकटला, खालपर्यंत बघितलं. कशाला बघत होतो? मला माहीत होतं.

"सांडू," मी म्हणालो, "तो कागद तुझ्या गावाला गेलाय. पंचायतीच्या भिंतीवर हाय."

त्याचं तोंड मी सांगू शकत नाय. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो खुर्चीवर बसला आन् म्हणाला, "मीच मागं ठेवला मामा. मीच तुमच्या हातातनं ओढून घ्यायला पायजे होता." मग उठला. "मी जातो."

"तू जाऊ नको. तू पंचायतीपाशी नुसता उभा राहिलास तरी लोक जमतील. मी जातो. मला तिथं कोण ओळखतंय? पटका बांधला की मी मेंढ्यावाला."

"आईला घेऊन या, मामा. कागद मिळो न मिळो, आईला आणा."

एसटी चालू का बंद, काय भरवसा नव्हता. कन्नडपर्यंत एक मिळाली, पिशोरपर्यंत जीपला लटकलो, पुढं पायी. गावात शिरलो तवा उन्हं कललेली. माणसं कापसात गेलेली, पारावर दोन म्हातारे. पंचायतीची भिंत. त्याच्यावर आमची यादी, चारी बाजूनं खळ लावून चिकटवलेली. चिकटवणाऱ्याला अक्षर येत नसावं. जशीच्या तशी. कुणी काढलेली नाय, कुणी बघितलेली नाय. माझ्या जिवात जीव आला. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं.

मग जवळ गेलो आन् बघितलं, वरचा एक कोपरा सुटला होता. चिमटीएवढा.

वस्तीत गेलो. सत्यभामाबाई दारात शेंगा फोडत बसलेली. वाळकुडी, ताठ, डोळे तीक्ष्ण. मी कोण, कशासाठी आलो, सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. आत जाऊन मला चहा आणला. मग म्हणाली, "कोपराच सुटलाय ना?"

"व्हय मावशी."

"मग खळ शिजवते मी ज्वारीच्या पिठाची. तुम्ही जाता जाता कोपऱ्याला फासा. कंपनीचा माणूस हाय म्हणा. यादीला कोण इचारतंय? आठ दिवसांत पोरं कामावर गेली की यादीकडं कुत्रं बघणार नाय. मग पावसानं नायतर शेळ्यांनी ती आपोआप जाईल."

एवढं साधं, एवढं सरळ. आन् मी काय म्हणालो?

"मावशी, मला शिकवू नका. कागद माझा धंदा हाय. ऐंशीच्या कागदाला ओली खळ लावली की तो ताणतो, वाळला की आकसतो, आन् आकसला की सगळाच सुटतो. काढलाच पायजे."

"भिंतीला चिकटलेला हाय तवर तो मुका हाय, बाबा," ती म्हणाली. "राहू द्या."

"तुम्ही गाठोडं बांधा. मी आलोच." तिच्या रांजणातनं तांब्याभर पाणी घेतलं आन् निघालो. माझा बेत पक्का होता. भिजवायचा, नखानं खरवडायचा, तुकडे तुकडे करायचे. साठाचा कागद असता तर तसंच झालं असतं. लगदा झाला असता बोटांत.

ऐंशीचा होता. मी पारखून घेतलेला. त्यानं पाणी प्यालंच नाय. मी कोपरा धरून ओढला आन् तो सबंध ताव, एक रेघ न फाटता, माझ्या हातात आला.

"ए! यादी कामून काढतो रं?"

मागं एक माणूस. डोक्यावर गवताचा भारा. कडूबा त्याचं नाव, नंतर कळलं. त्याचा पोरगा यादीत पाचवा होता. त्याला वाटलं, कंपनीनं नावं रद्द केली. भारा टाकून धावत आला. मी कागद पोटाशी धरला. "चुकीची हाय, बाबा. दुसरी आणून लावतो."

"माझ्या पोराचं नाव कापता का?" त्यानं माझा हात पिरगाळला. रडवेला झाला होता. "चार वर्षं वाट बघतोय रं आम्ही! माझ्या पोरानं काय गुन्हा केला?"

पारावरचे म्हातारे उठले. कापसातनं येणाऱ्या बाया थांबल्या. मी कागद चुरगाळायला बघितला, तोंडात घालायला बघितला. कडूबानं ओढून घेतला. त्याच्या पोराची भाकरी होती ती, तो कसा सोडील? धोतरानं पुसला, छातीशी धरला. वाचता येत नव्हतं त्याला. गलका ऐकून सर्जेराव आला, तवा कडूबानं तो त्याच्या हातात दिला. "मालक, वाचा बरं. माझ्या पोराचं हाय ना अजून?"

सर्जेरावानं वाचलं. "हाय की. पाचवं." मग माझ्याकडं बघितलं. मला ओळखलं त्यानं. मग कागद पालथा केला.

लई वेळ वाचत होता. ओठ हलत होते. मग त्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, एकेक नाव. सत्यभामा, हे पहिलंच.

मी म्हणायला पायजे होतं, की हे मी छापलं, खोटं हाय, माझी मस्करी हाय. काहीबी म्हणायला पायजे होतं. सर्जेराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मल्हारी, तू आपला माणूस. बरं केलंस. जा आता घरी." आन् माझ्या तोंडातनं शब्द फुटला नाय. माझ्या जातीनं मला त्या गर्दीतनं सुखरूप बाहेर काढलं, आन् मी निघालो.

वस्तीकडं पळत सुटलो. "निघा! सोडा सगळं, निघा!" सत्यभामाबाईनं माझ्याकडं बघितलं. माझे हात ओले, नखात खळ. ती समजली. सात घरची माणसं तुरीत शिरली. पोरांच्या तोंडावर हात. दिवस अजून मावळला नव्हता, सगळं लख्ख दिसत होतं. माणसं आली, गवताच्या पेटत्या पेंढ्या घेऊन आली. घाई नव्हती त्यांना. एक छप्पर, दुसरं छप्पर. तिसरं तिचं, तवा सत्यभामाबाई उठली. तिची शेळी दावणीला होती, दोन करडं होती तिला. मी पदर धरला, तो माझ्या हातात राहिला. ती आत गेली तवा छप्पर उभं होतं, बाहेर आली तवा तिच्या अंगावर होतं.

कडूबा त्या माणसांत होता का? होता. रडत होता आन् पेंढी टाकत होता. पोराची नोकरी सर्जेरावाच्या हातात होती.

तिला शहरात सरकारी दवाखान्यात आणलं. हात, पाठ, मान, सगळं भाजलेलं. सांडू रात्रंदिवस खाटेपाशी. तिसऱ्या दिवशी ती नीट बोलली. सांडूनं विचारलं, "आई, कागद त्यांच्या हाती गेला कसा? मामा सांगत नायत."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा. सांगणारच होतो. खरंच सांगतो, तोंड उघडलं होतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. "वाऱ्यानं सुटला," ती म्हणाली. "हे आले तवा तो सर्जेरावाच्या हातात होता. ह्यांनी पळत येऊन सांगितलं म्हणून लेकरं वाचली."

सांडू औषध आणायला गेला तवा मी तिच्या जवळ बसलो. "मावशी, तुम्ही खोटं कामून बोललात? मला जोडे मारा. त्याला सांगा, मला मारू द्या त्याला."

"तुमच्यासाठी नाय बोलले," ती म्हणाली. श्वास घ्यायला थांबली. "त्याला उद्या त्याच हापिसात बसायचंय. तिथं त्याला एक माणूस तरी आपला वाटू द्या. तेवढं तुम्ही वागवा. जड लागलं तरी वागवा."

सहाव्या दिवशी ती गेली.

तिला पोचवून आलो. भीमनगरातले लोक एकेक करून निघाले. सांडू माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हा पोरगा साहेबापुढं कधी वाकला नव्हता, जयभीम म्हणतानाबी मान ताठ. "मामा," तो म्हणाला, "माझ्या आईसाठी तुम्ही त्या गावात एकटे गेलात." एवढं बोलून तो खाली वाकला आन् त्यानं माझे पाय धरले.

मी पाय मागं घेतले नायत.